चौदा किलोमीटर खडी

२ तारीख, सोमवार

लेकीचा फोन आला. तिची वेधशाळा या महिनाअखेरीस बंद होणार. डोंगरावर आता माणसं राहणार नाहीत. यंत्रं आपापली पाऊस मोजतील, वारा मोजतील आणि आकडे खाली पाठवतील. तिची बदली खालच्या कचेरीत. चार वर्षं ती त्या डोंगरावर राहिली आणि आम्ही, तिचे सख्खे आईबाप, तिचं घर अजून पाहिलेलं नाही. याला लाज म्हणतात. दुसरा शब्द मला माहीत नाही.

ती म्हणाली, यायचं तर बावीस तारखेच्या रविवारी या, त्यानंतर सामान बांधायला घेईन. मग म्हणाली, "पण बाबा चालवणार असले तरच." मी म्हटलं, मला काय हात नाहीत? तर म्हणे, "आई, तू नको." माझ्या रक्तदाबाची पोरीला फार काळजी.

अडचण नेमकी ह्यांचीच आहे. ह्यांनी एकतीस वर्षं घाटातली बस चालवली, बसला कधी ओरखडा नाही. निवृत्त झाले आणि दोनच महिन्यांनी आम्ही आमच्या छोट्या एसयूव्हीतून लेकीकडे निघालो. शेवटचे चौदा किलोमीटर नुसती खडी. सहाव्या किलोमीटरला गाडीची मागची बाजू सरकली आणि डावं चाक चरात गेलं. तो क्षण मला लख्ख आठवतो, कारण मी पाणीपट्टीच्या अन्यायाबद्दल बोलत होते आणि तिसऱ्या मुद्द्यावर आले होते. मुद्दा अर्धाच राहिला. ट्रॅक्टरने गाडी ओढून काढली. कुणाला खरचटलंही नाही. पण ह्यांनी गाडी वळवली, घरी आणली, किल्ली खिळ्याला अडकवली आणि म्हणाले, आता तू चालव. त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून स्टिअरिंगला हात नाही.

लोक म्हणतात, धीर सुटला. मी हे मानत नाही. भित्रा माणूस जन्माला येत नसतो. त्याच्या हाती गुळगुळीत टायर दिले जातात. दोष टायरचा होता. टायर बदलायचे, चाकंही बदलायची. वीस दिवस आहेत.

४ तारीख, बुधवार

कोर्टातून आल्यावर दोन दिवस टायर या विषयाचा अभ्यास केला. कामगारांचे खटले लढवताना मी कधी अर्ध्या तयारीने उभी राहिले नाही, इथे का राहावं? तीन जाती आहेत. एक डांबरी रस्त्याची, गुळगुळीत, सुखवस्तू. दुसरी चिखलाची, मोठमोठ्या दातांची. तिसरी या दोहोंच्या मधली, ऑल-टेरेन, म्हणजे कुठेही पाय ठेवायला तयार. मला चिखलाचीच आवडली. तिच्यात काही भूमिका आहे. चाकं सतरा इंची, काळ्या मिश्रधातूची. आत्ताची सोळा इंची आहेत, एक पाऊल पुढे जायला नको?

ह्यांना फोटो दाखवला. म्हणाले, "तुला पटतील ते घे." मग पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, खडी बारीक आहे की मोठी, ते लेकीला विचारलंस का? मी म्हटलं, आपण तत्त्व ठरवतोय, तपशील नाही.

५ तारीख, गुरुवार

टायरच्या दुकानात गेले. दुकानदाराला सगळे वैद्य म्हणतात, कारण तो टायरवरून तळवा फिरवून गाडीचं दुखणं सांगतो. पूर्वी ह्यांच्याच डेपोत टायर विभागात होता, त्यामुळे ह्यांना दादा म्हणतो आणि मला वहिनी. त्याने पुढच्या डाव्या टायरवर हात फिरवला, डोळे मिटले आणि म्हणाला, "वहिनी, बाहेरचा खांदा पार खाल्लाय. वळणावर वेग कमी करत नाही तुम्ही." मी म्हटलं, नाडी बघ, चारित्र्य नको सांगू.

सतरा इंची चाकं दाखवायला सांगितली तर तो हलेना. त्याचं म्हणणं, पंधरा इंची घ्या. मी त्याला पाऊण तास समजावलं. दोन गिऱ्हाइकं आपलं काम सोडून ऐकत उभी राहिली, एकाने तर मान डोलावली. वैद्याने सगळं ऐकून घेतलं, एक टायर आडवा टाकला आणि त्याच्या बाजूच्या भिंतीवर अंगठा दाबला.

"बाहेरचा घेर तर तेवढाच ठेवायचाय. मग चाक मोठं केलं की मधलं रबर कमी झालं. दगड लागला की मार कुणी खायचा, वहिनी? रबराने की चाकाने?"

मी म्हटलं, विचार करते.

"दादांना घेऊन या," तो म्हणाला. "आणि ती काळी चाकं म्हणजे नाकापेक्षा मोती जड."

स्टिअरिंगला न शिवणाऱ्या माणसाला घेऊन यायचं कशाला, हे त्याने सांगितलं नाही.

७ तारीख, शनिवार

पूर्ण विचारांती मी पंधरा इंची चाकांच्या बाजूची झाले आहे. कारण साधं आहे आणि ते मी काल कोर्टाच्या कॅन्टीनमध्ये सर्वांना समजावून सांगितलं: चाक लहान, रबराची भिंत उंच, म्हणजे दगड आणि माणूस यांच्यात उशी जाड. चाक पोलादी असावं, कारण पोलाद वाकतं आणि हातोड्याने सरळ होतं. मिश्रधातूचं चाक ऐटीत असतं आणि एके दिवशी तडकतं. चिखलाचे टायरही मी रद्द केले. ते डांबरावर रडतात आणि ओल्या रस्त्यावर थांबायला वेळ घेतात. स्वतःचं मत बदलण्याचं धैर्य ज्याच्यात नाही त्याने दुसऱ्याचं बदलायला जाऊ नये. शिरस्तेदार म्हणाले, बाई, परवा तर तुम्ही सतरा म्हणत होतात. अशा माणसांमुळे चळवळी मागे पडतात.

आज हे दुकानात आले. मी आग्रह केला नव्हता. पायात चपला घालून गाडीशी येऊन उभे राहिले. वैद्याने पंधरा इंची चाक लावून हाताने फिरवून दाखवलं, आतल्या ब्रेकला घासत नाही ना ते बघायला. ह्यांनी वाकून फटीत बोट घातलं. मग एक टायर उचलला, नाकाशी नेला, नखाने खाच दाबून पाहिली. पुढचा अर्धा तास दोघं हवेच्या यंत्रामागे उभे राहून बोलत होते. यंत्राचा आवाज एवढा की एक अक्षर कानावर आलं नाही. परतताना विचारलं, काय चाललं होतं? म्हणाले, "हवेबद्दल."

९ तारीख, सोमवार

बसले टायर. रुंदी दोनशे पंधरा मिलिमीटर, भिंत रुंदीच्या सत्तर टक्के, चाक पंधरा इंची पोलादी, राखाडी रंगाचं, कसलाही नखरा नाही. गाडी बोटभर उंच झाली आहे आणि तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काही निश्चय दिसतो.

वैद्याने तीन गोष्टी सांगितल्या. पहिले तीनशे किलोमीटर टायर सबुरीने चालवा, कोरे असताना त्यांची पकड कमी असते, खडीवर त्यानंतर. शंभर झाले की नट पुन्हा आवळून घ्या. आणि नवा टायर जुन्यापेक्षा किंचित मोठा आहे, तेव्हा किलोमीटरचा काटा शंभराला तीनेक कमी दाखवील. हे शेवटचं त्याने ह्यांच्याकडे बघून सांगितलं, तरी मी लिहून घेतलं.

ह्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. म्हणाले, चांगले आहेत. मला अधिक अपेक्षा होती. मी किल्ली त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती घरात नेऊन खिळ्याला अडकवली.

एक गणित जमत नाही. कोर्ट सहा किलोमीटर. जाऊन येऊन बारा. बावीस तारखेपर्यंत कसेबसे सव्वाशे होतील. तीनशे कुठून आणू?

१२ तारीख, गुरुवार

वैद्य एक तर खोटारडा आहे किंवा अडाणी. मंगळ, बुध, गुरू, तीन दिवस कोर्टात गेले. छत्तीस किलोमीटर. काटा दाखवतो एकशे दोन. कमी कसले, जवळजवळ तिप्पट. संध्याकाळी तडक दुकानात गेले आणि हे त्याच्यासमोर मांडलं. हाताच्या काकणाला आरसा कशाला? काटा समोर आहे, बघ म्हटलं.

त्याने बघितलं. मग फडक्याने हात पुसले.

"मोठा टायर काटा कमी दाखवतो, वहिनी. जास्त नाही दाखवत."

"मग हे काय आहे?"

"आता... काय सांगू."

"मी सांगते. मोठा टायर रस्त्याचा मोठा घास घेतो. जेवढा घास मोठा तेवढा हिशेब मोठा."

तो म्हणाला, "असेल वहिनी." उत्तर नसलं की माणसं असंच म्हणतात. शंभर भरले म्हणून नट मात्र आवळून दिले.

१४ तारीख, शनिवार

हे सकाळी फिरायला जाऊ लागले आहेत. साडेपाचला निघतात, सातला परत. मी सातच्या आत उठत नाही, तो माझा जन्मसिद्ध हक्क आहे. पण आल्यावर चहाच्या वेळी त्यांच्या अंगावर एक तरतरी दिसते. शिट्टीवर काहीतरी वाजवत असतात. बुटांना धूळ नाही की चिखल नाही, इतकं नीट चालतात. व्यायामाने माणूस सुधारतो हे मी वीस वर्षं सांगत होते.

गाडीचं मात्र नाव काढत नाहीत.

१७ तारीख, मंगळवार

आज दोन गोष्टी उघडकीला आल्या.

पहिली. टायरच्या खाचांत खडे अडकलेले सापडले, एकेका चाकात दहा-बारा. मी फक्त कोर्टाच्या रस्त्याने जाते आणि तो डांबरी आहे. याचा अर्थ डांबर उखडू लागलं आहे. नगरपालिकेला दोन पानी पत्र लिहिलं, पुरावा म्हणून सात खडे पाकिटात घातले. हे शेजारी बसून बाकीचे खडे स्क्रू-ड्रायव्हरने काढत होते. म्हटलं, पत्रावर तुम्हीही सही करा, तर म्हणाले, माझे हात मळले आहेत.

दुसरी. हवा. तेहतीसचा दाब हवा, तो चारही टायरांत सव्वीस निघाला. चार टायर एकाच वेळी, सारख्याच मापाने गळतात, हा योगायोग नाही, हा कट आहे. वैद्याने निकृष्ट व्हॉल्व्ह बसवले आहेत असं मी त्याला चार माणसांत सांगितलं. त्याचा चेहरा लाल झाला. त्याने चारही व्हॉल्व्ह नवे घातले, वर पैसे घेतले नाहीत. खाई त्याला खवखवे. हे तिथेच स्टुलावर बसून त्याचा चहा पीत होते. जाताना ह्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. स्वतःच्या बायकोची बाजू घ्यायची सोडून.

१८ तारीख, बुधवार

आज लिहावं असं चांगलं काही सुचत नाही.

दुपारी ह्यांना सरळ विचारलं, रविवारी चालवणार का? ते टेबलावरचे पावाचे कण एका जागी गोळा करत राहिले. हो नाही, नाही नाही. मी उठून लेकीला फोन केला, म्हटलं मीच घेऊन येते गाडी. ती म्हणाली, नको आई, त्यापेक्षा मीच फोटो घेऊन खाली येईन. फोटो. चार वर्षांच्या आयुष्याचे फोटो.

टायर आले, चाकं आली, हवा आली, आणि माणूस जागचा हलला नाही, तर मग माझं सगळं तत्त्वच चुकलं म्हणायचं. हे मी फक्त इथे लिहिते. साधन बदललं की माणूस बदलतो असं मी शेकडो सभांत सांगितलं आहे, आणि घरातला एक माणूस मला बदलता येत नाही. त्याला नेमकं कशाचं भय वाटतं हेही मला ठाऊक नाही. एकतीस वर्षं हा माणूस रोज घाटातून घरी आला आणि मी त्याला माझा दिवस सांगितला. घाट कसा होता, हे मी एकदाही विचारल्याचं आठवत नाही. पण मुद्दा तो नाही. मुद्दा रविवारचा आहे.

२० तारीख, शुक्रवार

वैद्याकडे शेवटची तपासणी. माझ्याशी जपून बोलत होता, मीही. त्याने चारही टायरांवरून तळवा फिरवला आणि म्हणाला, मुरलेत, आता खुशाल खडीवर घाला. मी म्हटलं, अरे, अजून सव्वाशेही झाले नाहीत. "पावणेचारशे झालेत," तो म्हणाला. बिचारा स्वतःच बिघडवलेल्या काट्यावर विश्वास ठेवून बसला आहे. मी वाद घातला नाही. त्याच्या हाताला कला आहे, डोक्याचं सोडून देऊ.

रात्रीच्या जेवणाआधी बसून ह्यांच्यासाठी नऊ मुद्दे काढले. उद्या मांडते. माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात लहान सभेचं भाषण आहे आणि सगळ्यात जास्त तयारी याचीच केली आहे.

२१ तारीख, शनिवार

जिंकले.

न्याहारीच्या वेळी उभी राहून सुरुवात केली. हे खात खात ऐकत होते. चौथ्या मुद्द्याला, म्हणजे उंच भिंतीच्या टायरवर माणसाने विश्वास का ठेवावा इथे आले, तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "उद्या सहाला निघू. मी चालवतो."

पाच मुद्दे शिल्लक राहिले, ते मी परतीच्या प्रवासासाठी ठेवले आहेत.

मग म्हणाले, "एकच. डांबर संपलं की वर पोचेपर्यंत बोलायचं नाही."

मी म्हटलं, एवढंच ना? इतक्या दिवसांनी माणूस उठला आहे, त्याचे थोडे लाड पुरवायला हवेत.

२२ तारीख, रविवार. लेकीच्या घरी, दुपारी

तिच्या टेबलावर बसून लिहिते आहे. खिडकीतून पावसाच्या मापांचं अंगण दिसतं, पांढऱ्या जाळीच्या पेट्या आणि एक वारं दाखवणारा बाण. मन इतकं भरलं आहे की क्रमाने लिहायला हवं.

सहाला निघालो. ह्यांनी आसन मागे घेतलं नाही, आरसा हलवला नाही, सगळं आधीच त्यांच्या मापाचं होतं. मला रोज वाटायचं की आरसा आपोआप ढळतो. डांबर संपलं तिथे गाडी थांबली. हे उतरले, खिशातून हवेचा मापक काढला आणि एकेका टायरमधून फुस्स करून हवा सोडली. मापकावर सव्वीस. मी दार उघडून तोंडही उघडलं. ह्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. मी तोंड मिटलं. शब्द म्हणजे शब्द.

मग खडी सुरू झाली, आणि हे बोलायला लागले.

समोर बघत, हळू, बसच्या वेगाने. म्हणाले, हवा कमी केली की टायर दगडाला धडकत नाही, दगडावर बसतो. म्हणाले, दहा तारखेपासून रोज पहाटे खाणीच्या रस्त्याला जातोय, आधी डांबरावर, मग खडीवर. पहिल्या दिवशी खाणीच्या फाटकापर्यंत पहिल्याच गिअरमध्ये गेलो. वैद्याला सांगितलं होतं, वहिनींना कळू देऊ नको, जमलं नाही तर तिला दुसऱ्यांदा वाईट वाटायला नको. "काट्याचं तू त्याला विचारायला गेलीस, त्या रात्री तो झोपला नाही."

माझ्याजवळ त्या क्षणी निदान अकरा मुद्दे होते. नगरपालिकेला गेलेलं पत्र होतं. चार माणसांत केलेला व्हॉल्व्हचा आरोप होता. मी मूग गिळून बसले. असं बसायला किती ताकद लागते हे मला आज कळलं. ज्यांना मी आयुष्यभर मुके म्हणून हिणवलं त्यांची मी मनातल्या मनात माफी मागितली.

हे मात्र थांबेनात. करडी खडी बसलेली असते, पांढरी हलते, म्हणून चाक करडीवर ठेवायचं. वळण डोळ्याने नाही, पोटाने कळतं. घाटात सातव्या वळणावर एक म्हातारी रोज बसला हात करायची, चढायची नाही, नुसता हात करायची. एकदा दिसली नाही तर ह्यांनी गाडी उभी करून तिच्या दारावर थाप मारली होती. ताप होता तिला. अख्खी बस थांबून राहिली. हे मला माहीत नव्हतं. एकतीस वर्षांतलं हे एक वळण झालं.

सहाव्या किलोमीटरला ह्यांनी गाडी उभी केली. तोच चर. त्यात आता गवत होतं.

"टायर नव्हता घसरला," ते म्हणाले. "तू तिसरा मुद्दा मांडलास आणि विचारलंस, बरोबर की नाही? मी तुझ्याकडे वळून 'हो' म्हणालो."

मग चराकडे बघतच पुढे म्हणाले,

"बसमध्ये माझ्या डोक्यावर पाटी होती, चालकाशी बोलू नये. घरच्या गाडीत ती कशी लावायची? आणि तुला बोलू नको म्हणायचं, तर मग तुझ्यात उरलं काय? मला तुझं बोलणं आवडतं गं. म्हणून वाटलं, आपणच चालवायला नको."

बोलायला बंदी होती म्हणून बरं. परवानगी असती तरी मला काही सुचलं नसतं. मी त्यांच्या हातावर हात ठेवला, त्यांनी तो दोन क्षण राहू दिला आणि मग गिअर टाकायचा म्हणून हळूच बाजूला केला.

पुढचे आठ किलोमीटर टायर खडीवरून एका सुरात कुरकुरत गेले. तो आवाज एवढा छान असतो. दोन वर्षांपूर्वीही तो असणारच.

लेक फाटकाशी उभी होती. चालकाच्या बाजूने बाबा उतरताना पाहून तिने दोन्ही हात तोंडावर धरले, मग धावत येऊन त्यांच्या गळ्यात पडली. मग माझ्याकडे आली, माझा चेहरा निरखला, कपाळाला हात लावून बघितला. तिला वाटलं, मला बरं नाही.

आत नेऊन तिने चहा ठेवला. पेट्यांचं अंगण दाखवायचं आहे म्हणाली, पण आधी सांगा, रस्ता कसा होता? नेहमीप्रमाणे तिने विचारलं मला. ह्यांनीही पाठ खुर्चीला टेकवली, आता ऐकायचं आहे अशा बेताने. मी कप हातात घेतला.

म्हटलं, "ह्यांना विचार."